खोकल्याची जत्रा

आमच्या सरांना माणसांचे चेहरे लक्षात राहत नसत. पोटं राहत.

जुन्या जालन्यात कापडदुकानांच्या गल्लीत एखादा धोतरवाला हात जोडून समोर उभा राहायचा. "साहेब, वळखलं का?" म्हणायचा. सर चष्म्याच्या वरून त्याच्याकडे बघत राहायचे, ओळख पटायची नाही. मग त्या माणसाला युक्ती ठाऊक असली तर तो भर रस्त्यात सदरा वर करायचा आणि सरांचा चेहरा उजळायचा. "अरे, परतूरचा तू! बेंबीच्या वर दोन भोकं होती. बिडी सोडली का पुन्हा धरली?" मागे रिक्षावाले हॉर्न वाजवताहेत, बायका तोंड फिरवून हसताहेत, आणि सर गुडघ्यात वाकून त्या माणसाच्या पोटावर हात ठेवून म्हणताहेत, "खोक."

हा शब्द मी इतक्या वेळा ऐकला आहे की स्वप्नातही ऐकू येईल.

मी त्यांच्या ऑपरेशन थिएटरची सिस्टर. आधी नुसती सिस्टर, मग इन्चार्ज, आता मेट्रन. मस्तगडला आमचं घर, तिथून दवाखाना पायी जाण्याच्या अंतरावर. कामाला लागले तेव्हा सरांनी माझी प्रमाणपत्रं उघडूनही पाहिली नाहीत. एकच प्रश्न विचारला, "रविवारी काम नसताना बोलावलं तर येशील?" मी म्हटलं, "नाही." ते म्हणाले, "बराबर. मला न्हाई म्हणणारीच पाहिजे. इथं दिवसभर लोकांना न्हाई म्हणायचं काम आहे."

ते खरंच होतं. सर हर्नियाचे सर्जन. ऑपरेशनं सगळीच करायचे, पण जीव हर्नियात. पोटाच्या भिंतीला एखादी कमजोर जागा पडते, नाहीतर जुन्या ऑपरेशनचा टाका आतून उसवतो, आणि आतडं त्या भोकातून कातडीखाली येतं. खोकलं, वजन उचललं की गोळा बाहेर. आडवं पडलं की आत. भोक नुसतं शिवलं तर पुन्हा उसवण्याची भीती जास्त, म्हणून त्यावर जाळी बसवतात. प्लास्टिकच्या बारीक धाग्याची, मच्छरदाणीचा तुकडा वाटावा अशी. एक तुकडा सरांच्या सफारीच्या खिशात कायम असायचा. कोणी विचारलं, आणि पुष्कळदा कोणी विचारलं नाही तरी, ते तो काढून दोन्ही हातांनी ताणून दाखवायचे.

"बीम आणि विटांच्या सांध्याला तडा जातो का न्हाई? गवंडी काय करतो? नुसता गिलावा मारला तर पुन्हा तडा. म्हणून आधी कोंबडजाळी ठोकतो, मंग गिलावा. हे तसंच. जाळी मी ठोकतो, भिंत तू सांभाळायची."

भिंत सांभाळायची म्हणजे बिडी, तंबाखू बंद, खोकला बरा करायचा, वजन उतरवायचं. त्याआधी ऑपरेशन नाही. इथे माझं 'नाही' कामाला यायचं. मोंढ्यातले, म्हणजे धान्यबाजारातले, एक बडे व्यापारी गादीवरून उठून थेट भरती व्हायला आले होते, सोबत दोन मुनीम आणि फळांची करंडी. सरांनी तपासलं आणि म्हणाले, "शेठ, एवढ्या पोटाला मी जाळी कुठून आणू? हे आधी उतरवा." शेठ म्हणाले, "डॉक्टरसाहेब, उतरलं असतं तर तुमच्याकडं कशाला आलो असतो?" सर म्हणाले, "सिस्टर, यांना बाहेरचा रस्ता दाखव. आणि फळं राहू दे, यांना गोड चालत न्हाई." शेठ रागाने गेले. पुढच्या वर्षी बेल्टची तीन भोकं आत घेऊन परत आले आणि स्वतःच मला म्हणाले, "आता तरी आत सोडता का, बाई?"

कोणी "गॅरंटी किती वर्षांची?" असं विचारलं की सर उसळायचे. "गॅरंटी मोटारपंपाला असते. तू दरवर्षी येऊन दाखव, मी तुला सांगत जाईन."

आता यात वेड कुठे आहे, असं कोणी म्हणेल. वेड या 'दरवर्षी'मध्ये होतं. ऑपरेशन झालं, टाके निघाले, पेशंट घरी गेला की बाकीच्या सर्जनांचं काम संपतं. सरांचं तिथून सुरू व्हायचं. पाच वर्षांनी, दहा वर्षांनी, पंधरा वर्षांनी त्या जाळीचं काय झालं हे त्यांना कळल्याशिवाय चैन पडायचं नाही. गोळा परत आला का, एवढंच नाही. टोचतं का? ओढतं का? थंडीत दुखतं का? सायकलवर टांग टाकताना? मांडी घालून जेवताना? जुन्या जाळीत पू होऊन ती काढून टाकावी लागल्याचीही उदाहरणं होती. ती ते लपवायचे नाहीत, नव्या पेशंटला ऑपरेशनच्या आधी सांगायचे. मी एकदा म्हटलं, "सर, असं सांगितलं तर लोक पळून जातील." ते म्हणाले, "पळू शकतो म्हणजे तब्येत ठीक आहे."

त्यांचं एक वाक्य आमच्या दवाखान्यात शिपायापासून सगळ्यांना पाठ होतं: "जो आला न्हाई, तो बरा झाला असं धरू नका. तो दुसरीकडं गेला असंल."

याच्यामागे एक किस्सा आहे. सर्जन लोकांच्या एका बैठकीत एक मोठे प्राध्यापक म्हणाले की माझ्या जाळीचा एकही पेशंट आजवर परत आलेला नाही. सर मागच्या रांगेतून उठून म्हणाले, "तुमच्याकडं कसा येईल, सर? तो माझ्याकडं आल्ता." हशा झाला, पण सर थट्टा करत नव्हते. दुसऱ्या डॉक्टरचा बिघडलेला पेशंट आला की ते त्या डॉक्टरला फोन लावायचे. "वाईट वाटून घेऊ नका, पण तुम्हाला माहीत पाहिजे." पलीकडचा माणूस बहुतेक वेळा फोन आपटायचा. आमच्याकडे तसा फोन कधी कोणाचा आला नाही. सरांना त्याचं वाईट वाटायचं. "म्हणजे आपलं सगळं चांगलं आहे असं न्हाई, सिस्टर. म्हणजे कोणी सांगून न्हाई राह्यलं."

म्हणून ते स्वतः शोधत फिरायचे. बाजाराच्या दिवशी स्कूटर काढून तीर्थपुरी, अंबड, बदनापूर. भाजीपेक्षा पोटं जास्त बघून यायचे. घरी सर उर्दू बोलत, पेशंटशी आपली इकडचीच मराठी, आणि चिडले की दोन्ही एकदम. त्यांच्या बेगमसाहिबांना आम्ही आपा म्हणत असू. आपांनी मला सांगितलेली गोष्ट आहे. मुलीच्या निकाहच्या दिवशी नवऱ्या मुलाच्या चुलत्यांनी बिर्याणीच्या देगेला हात लावला, आणि उचलताना त्यांच्या कुर्त्याखाली काहीतरी फुगलेलं सरांना दिसलं. नव्या सोयऱ्यांना खांद्याला धरून ते शामियान्याच्या मागे घेऊन गेले. आपा शोधत आल्या तर चुलते सलवारची नाडी धरून उभे आणि सर म्हणताहेत, "खाँसो, मियाँ, खाँसो." आपा म्हणाल्या, "या अल्ला, आज के दिन तो छोड़ दो!" सर म्हणाले, "रिश्तेदारी आज ही हुई है, बेगम. कल तक मैं कैसे देखता?" त्या चुलत्यांचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आम्हीच केलं.

मयतीलाही ते जायचे. आपला जाळीचा पेशंट गेला असं कळलं की दहाव्याच्या आत त्याच्या दारात. बदनापूरकडच्या एका हमालाच्या घरी मी सोबत होते, कारण तो माणूस माझ्याही ओळखीचा. सर ओट्यावर बसले, पाणी घेतलं, मुलाच्या पाठीवरून हात फिरवला, आणि विचारलं, "शेवटपर्यंत पोट ठीक होतं ना?" मुलगा बघतच राहिला. म्हातारीने आतून डोळे पुसत विचारलं, "काय म्हणून राह्यले साहेब?" मीच पुढे होऊन समजावलं. तेव्हा ती म्हातारी बाहेर आली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "हाव साहेब. छातीनं गेले. पोटाची तक्रार कधीच न्हाई. मागल्या सुगीपर्यंत पोतं उचलत होते." सरांनी मान डोलावली. परतताना स्कूटरवर ते म्हणाले, "ही एक जाळी पुरती टिकली. आता हिच्याबद्दल कोणी काही म्हणू शकत न्हाई." मला ते त्या वेळी फार कोरडं वाटलं नाही. मी स्वतः कोरडीच आहे. त्या घरात त्या दिवशी आलेल्या सगळ्या माणसांत, गेलेला माणूस कसा जगला हे विचारणारे तेवढे एकच होते.

पण एकटा माणूस किती गावं फिरणार? म्हणून जत्रा सुरू झाली.

अक्षय्य तृतीयेच्या पुढचा रविवार. शेतं मोकळी, लोक मोकळे. दवाखान्याच्या अंगणात मांडव घालायचा, पाण्याचे माठ, चहा आणि पोहे. जाळी बसवलेल्या सगळ्या जुन्या पेशंटांनी त्या दिवशी यायचं, पडद्यामागे जाऊन उभं राहून खोकायचं, आडवं पडून खोकायचं, काय दुखतं खुपतं ते सांगायचं आणि पोहे खाऊन घरी जायचं. तपासणी फुकट. लोकांनीच नाव पाडलं, खोकल्याची जत्रा. पहिल्या वर्षी एक क्षयाचा म्हातारा नातवाला घेऊन आला होता. त्याला वाटलं खोकल्याचं औषध वाटताहेत. सरांनी त्याला सरकारी दवाखान्यात पोचवलं आणि जाण्याआधी त्याचंही पोट बघून घेतलं.

रविवारी येणार नाही असं सांगून नोकरीला लागलेली मी त्या रविवारी सगळ्यांच्या आधी हजर असायचे. कोणी सांगितलं म्हणून नव्हे. एवढी माणसं आपापल्या पायांनी चालत येतात, ज्यांना आपण टेबलावर उघडं पाहिलेलं आहे, ते बघायला मला आवडायचं. ज्याने हे काम केलं आहे त्यालाच ते कळेल.

जत्रेतली सगळ्यात मोठी मानकरी म्हणजे मिरचीवाली मावशी. तीर्थपुरीच्या बाजारात ती वाळल्या मिरच्यांची पोती घेऊन बसायची. गर्भाची पिशवी काढण्याच्या ऑपरेशनचा जुना टाका उसवून तिला केवढा तरी गोळा आला होता. सरांनी जाळी बसवली त्याला पुष्कळ वर्षं झाली होती. मिरचीच्या खकाण्यात दिवसभर खोकणं आणि शिंकणं हा तिचा धंदाच. सर म्हणायचे, "बाकीच्यांच्या जाळीची परीक्षा वर्षातून एकदा. हिची रोज." दर वर्षी ती जीप भरून माणसं घेऊन यायची. अर्ध्या तीर्थपुरीला हर्निया तिनेच ओळखून दिलेला. रांगेत उभं राहून ती दरडावायची, "खोका की रे मोठ्यानं! बायको झोपल्यावानी काय खोकता?"

मी सांगते आहे त्या वर्षी सर्जन लोकांच्या संघटनेतले काही डॉक्टर मुद्दाम जत्रा बघायला आले होते. मोठ्या शहरांतले, इस्त्रीच्या शर्टांतले. आपापल्या पेशंटांचं दहा वर्षांनी काय झालं हे त्यांच्यापैकी कोणालाच नीट सांगता येत नव्हतं, म्हणून तर ते आले होते. सर कधी कशाचा तोरा मिरवत नसत. त्या सकाळी मात्र मिरवला. पाहुण्यांना म्हणाले, "माझ्या जाळ्या बिघडत न्हाईत असं मी म्हणत न्हाई. पण कोणाची काय हालत आहे, ते मला माहीत आहे. येवढंच मी कमावलं."

ही बातमी गावोगाव गेली होती. साहेबांकडे पाहुणे येणार, साहेबांचं काम बघणार. लोक ठेवणीतले कपडे घालून आले होते.

मावशी आली, पण रांगेत पुढे घुसली नाही. सुनेच्या आधाराने कडेच्या खुर्चीवर बसली. कोणाला दरडावलं नाही. मावशी गप्प आहे म्हणजे काहीतरी बिघडलं आहे हे कळायला मेट्रन असावं लागत नाही. मी पोह्यांची बशी दिली, तिने ती खुर्चीखाली सरकवली.

"उपास हाय."

"रविवारचा कसला उपास, मावशी?"

"धरलाय नवा. तू जा, पाहुण्यांचं बघ."

सरांनी पाहुण्यांना दाखवायला पहिलं नाव तिचंच घेतलं. पडद्यामागे सर, मी आणि एक तरुण पाहुणे सर्जन. सरांनी तिला विचारलं, "हे डॉक्टर बघतील, चालंल ना?"

"माझं काय बघायचं? माझं बराबर हाय. दुसरे दाखवा की, साहेब."

सरांनी पाहुण्यांना बाहेर थांबायला सांगितलं. "खोक, मावशी."

ती खोकली. चिमणी शिंकली असती तर जास्त आवाज झाला असता.

"मिरचीच्या ढिगात बसून जन्म गेला आणि खोकता येईना व्हय? पुन्हा."

"घसा बसलाय."

"लुगड्याची गाठ सैल कर."

"न्हाई."

सर माझ्याकडे बघून पडद्याबाहेर गेले. बाईमाणसाच्या बाबतीत ते तेवढं जाणत होते. मी गाठीला हात घातला तर तिने माझं मनगट पकडलं. तिचा हात थंडगार आणि घामाने ओला. मी दुसऱ्या हाताने गाठ सोडली. आत धोतराचा फाडलेला पट्टा, घट्ट, वेढ्यावर वेढे. तो काढला आणि जुन्या व्रणाच्या कडेला गोळा दिसला. कच्च्या कवठासारखा टणक, कातडी लालसर. बोट लावलं तशी तिने पदर दातात धरला.

"कधीपासून, मावशी?"

"गोळा मागल्या सालापासून हाय. निजलं की आत जायचा. काल दुपारपासून जाईना झाला."

"उलट्या?"

"येताना जीपमधी."

आतडं भोकात अडकलं होतं. अडकलेल्या आतड्याचा रक्तपुरवठा तुटला की ते काळं पडतं, सडतं, आणि मग माणूस जातो. मावशीला हे माहीत नव्हतं असं नाही. गोळा आत जात नसला तर चहाचा घोटही न पिता धावत यायचं, हे तीच साऱ्या बाजाराला सांगत असे.

"मग सांगितलं का नाही? आल्या आल्या सांगायचं!"

"आज साहेबाचे पाहुणे आल्ते ना," ती म्हणाली. "साऱ्या तीर्थपुरीला मीच सांगून राह्यले, जाळी बसवा, जाळी बसवा. माझीच सुटली म्हणल्यावर साहेबाचं नाव काय राहील? हे पाहुणे गेले की सांगणार होते."

पडदा कापडाचा. सरांनी सगळं ऐकलं होतं. ते आत आले तेव्हा त्यांचा चेहरा इतका उतरलेला मी ना आधी पाहिला ना नंतर. जाळी सुटल्याचं ते दुःख नव्हतं. सुटलेल्या जाळ्या त्यांनी आधीही पाहिल्या होत्या. जे एवढंच कमावलं म्हणून सकाळी सांगितलं, तेच हातातून गेलं होतं. आणि ते लबाड माणसाने नेलं नव्हतं, सगळ्यात जवळच्या माणसाने, मायेपोटी.

"माझ्या नावापायी मरायला निघाली ही बाई," ते म्हणाले. मग तिला म्हणाले, "मावशी, तुझी जाळी कडेनं सुटली. मी ती अजून चार बोटं पुढं न्यायला पाहिजे होती. हे माझ्याकडून राह्यलं, तुझ्याकडून न्हाई. आता ऑपरेशन लागंल. आत्ता."

"आज नको साहेब. उद्या करा."

"उद्या तुझा दहावा धरायला लावती का सुनेला?"

सुनेला बोलावून सगळं समजावलं, तिची सही घेतली. सून शिकलेली होती, एकच म्हणाली, "आत्यांना मी दहादा म्हणले होते." तेवढ्यात तरुण पाहुणे हळूच सरांना म्हणाले, "सर, मागच्या दाराने आत घेऊ. बाहेर एवढे लोक आहेत, उगाच चर्चा होईल."

सरांनी स्ट्रेचर मांडवातूनच न्यायला लावलं. मावशीला मी गळ्यापर्यंत चादर घातली होती. सर मध्ये उभे राहून मोठ्याने म्हणाले, "मावशीची जाळी सुटली आहे. आतडं अडकलं आहे. तिनं लपवलं, मला वाईट वाटू नये म्हणून. मी आत जातो. तुम्ही बसा. कोणी जायचं न्हाई."

ऑपरेशन सरांनी केलं, समोर मदतीला तरुण पाहुणे, हत्यारं द्यायला मी. बाकीचे पाहुणे भिंतीशी. जाळी फाटली नव्हती. ती जिथे संपत होती तिथे पोटाची भिंत फाटली होती आणि त्या अरुंद भोकात आतड्याचा एक वेढा आवळला गेला होता. भोक मोठं करून तो सोडवला. जांभळा, जवळजवळ काळा. सरांनी गरम सलाईनमध्ये भिजवलेले पॅड मागितले, आतडं त्यात गुंडाळलं आणि थांबले.

थांबण्याचं हे काम थिएटरमधलं सगळ्यात अवघड. हात चालत असले की माणसाला बरं असतं. सरांचे ओठ मास्कखाली हलत होते; मी विचारलं नाही. थोड्या वेळाने पॅड उघडला, रंग तसाच. पुन्हा गरम पॅड. पुन्हा उघडला तेव्हा एका कडेला गुलाबी रेघ उमटली होती. ती पसरत गेली, आणि मग आतडं आपलं आपण हललं, झोपेतून कूस बदलावी तसं. भूलतज्ज्ञ बाईंनी एवढा मोठा सुस्कारा सोडला की सगळे त्यांच्याकडे बघायला लागले.

पाहुणे म्हणाले, "सर, आता नवी मोठी जाळी टाकून टाकू? आम्ही सगळे आहोतच." त्यांच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. एवढे डोळे बघत असताना झालेलं नुकसान भरून काढावं असं कोणालाही वाटेल. सर म्हणाले, "आज न्हाई. आतडं मरता मरता वाचलंय. आज जाळी घातली आणि पिकली तर? आज नुसते टाके. जाळी पुढं, ती धडधाकट झाल्यावर." ते म्हणाले तसंच पुढे केलं. मावशी अजून बाजारात बसते. आता ती लोकांना जाळी बसवा म्हणत नाही. दाखवायला जा म्हणते.

मावशी वॉर्डात गेल्यावर सर हातमोजे काढून तसेच, थिएटरच्या हिरव्या कपड्यांत, मांडवात आले. ऊन उतरलं होतं. एकही माणूस गेलेला नव्हता. जीपवाले सुद्धा चाव्या खिशात घालून बसून होते. सरांनी सांगितलं, मावशी वाचली. बायकांनी पदर डोळ्यांना लावले, दोघातिघांनी टाळ्याही वाजवल्या. सरांनी हात वर करून त्या थांबवल्या.

"अजून कोण कोण माझ्यावर उपकार करून राह्यलंय?"

सगळे एकमेकांच्या पायांकडे बघत राहिले. सर थांबले, जसे आत त्या आतड्यापाशी थांबले होते.

मग मागच्या रांगेतून मोंढ्यातला एक हमाल उठला. दर वर्षी सगळ्यात मोठ्याने खोकणारा. कमरेचा चामडी पट्टा सोडत, खाली मान घालून म्हणाला, "साहेब, माझा थोडासाच हाय. लिंबावढा."

"आणि खोकायचास तेव्हा?"

"हातानं दाबून धरायचो."

कोणीतरी हसलं, मग सगळेच हसले, आणि त्या हशात एक निवृत्त गुरुजी उभे राहिले. "मला गोळा नाही, डॉक्टर. पण इथं टोचतं. रात्री कुशीवर झोपता येत नाही. तुम्ही इतक्या आवडीनं विचारता, नाही म्हणवत नव्हतं." मग एक जण, मग दोघं एकदम. एका बाईने माझ्या बाहीला धरून कानात सांगितलं, मी तिला पडद्याकडे धाडलं. रांग मांडवाच्या बाहेर गेली. सर एकेकाशी बोलत पुढे सरकत होते, "तुझं कधीपासून? आणि तुझं?" आणि लग्नघरात व्याही मंडळी उतरल्यावर यजमान जसा इकडून तिकडे करतो तसे हरखून गेले होते. सकाळचा तोरा मला आवडला होता, खोटं कशाला सांगू. पण हा माणूस माझा सर आहे आणि याच्या हाताखाली माझी सगळी नोकरी गेली, याचा अभिमान मला त्या वेळी जेवढा वाटला तेवढा सकाळी वाटला नव्हता.

तरुण पाहुणे माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "सिस्टर, सरांच्या इतक्या वर्षांच्या कामाला आज चांगलाच बट्टा लागला हो."

मी म्हटलं, "साहेब, तुमच्याकडचे असे किती जण पोट बांधून घरी बसलेत, ते तुम्हाला ठाऊक आहे?"

मी हातमोज्यांचा जोड त्यांच्या हातात दिला.

"मग बाह्या वर करा. मी तपासणीचं दुसरं टेबल लावते."